पेपर सुटल्यावर उत्तरं ताडून पाहताय? या चुका टाळा

पेपर सुटून पाच मिनिटं होत नाहीत तोच केंद्राच्या गेटबाहेर घोळका जमतो. "घर्षणाच्या त्या गणिताचं तुझं काय आलं?" "मी बी केलं." "अरे बापरे, मी डी केलंय!" आणि आतून बऱ्यापैकी खुशीत आलेल्या मुलाचा चेहरा उतरतो. बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवताना मी हे दरवर्षी पाहते आणि दरवर्षी जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा त्या मुलाचं काहीच चुकलेलं नसतं. जेईई मेनसारख्या (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या) संगणकावरच्या परीक्षेत एकाच शिफ्टमधल्या मुलांनाही प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम वेगवेगळा येतो. एकाचा बी आणि दुसऱ्याचा डी म्हणजे एकच उत्तर असू शकतं.

तेव्हा पर्यायाचं अक्षर कधीच जुळवू नका. राहवतच नसेल तर उत्तर किती आलं, कोणत्या एककात आलं, एवढंच विचारा. पण त्यावरही फार विसंबू नका. रफ कागद केंद्रावरच जमा होतात, त्यामुळे हातात उरते फक्त आठवण, आणि तीन तास डोकं चालवल्यावर ती कच्ची असते. प्रश्नात वेग विचारला होता की वेगाचं गुणोत्तर, हेच दोघांना वेगळं आठवतं. मित्र ठामपणे बोलला की आपण बरोबर केलेलं उत्तरही चुकल्यासारखं वाटू लागतं.

पुढचा पेपर आठवड्यावर असेल तर ही चर्चा करूच नका. जेईईचं एप्रिलचं सत्र, राज्याची सीईटी (एमएचटी-सीईटी) आणि मेडिकल प्रवेशाची नीट आपल्याकडे एकामागोमाग येतात. एका पेपरातल्या चार मार्कांचा हिशोब करत बसलेली मुलं पुढच्या पेपराच्या दोन रात्री घालवतात. आईबाबांनीही त्या दिवशी "किती येतील?" हे विचारू नये. जेवायला वाढावं, झोपू द्यावं.

दुसऱ्या शिफ्टच्या मुलाशी तुलना करणं ही तर सरळ फसगत आहे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी अनेक शिफ्टमध्ये होतात आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुमच्याच शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती टक्के मुलांना पडले, ते हा आकडा सांगतो. अवघड शिफ्टमधले कमी गुण सोप्या शिफ्टमधल्या जास्त गुणांच्या वर जाऊ शकतात. मैत्रिणीला सीईटीत 200 पैकी 150 पडतील आणि मला 135, म्हणून रडत बसलेल्या मुलीला मी आधी विचारते, तिची शिफ्ट कोणती होती?

संध्याकाळी मोबाइलवर फिरू लागणाऱ्या क्लासच्या उत्तरसूच्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते. नीटची प्रश्नपुस्तिका मुलं घरी आणतात, त्यामुळे तिथे निदान प्रश्न तरी खरे असतात. संगणकावरच्या परीक्षेची सूची मात्र मुलांच्या आठवणीवरून जुळवलेली असते. शिवाय उत्तरांवर तज्ज्ञांचंही एकमत नसतं. 2024 च्या नीटमधला अणूविषयीचा फिजिक्सचा प्रश्न आठवा. एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एक उत्तर, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरं. दोन्ही उत्तरांना गुण दिले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी तपासून एकच पर्याय बरोबर ठरवला, आणि जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर दिलेल्या चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच गुण गेले. चार मिळालेले, एक निगेटिव्हचा. जो प्रश्न जुलैपर्यंत सुटला नाही, तो मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कसा सुटणार?

खरी ताडणी सुरू होते ती अधिकृत रिस्पॉन्स शीट (तुम्ही नोंदवलेल्या उत्तरांची प्रत) आणि तात्पुरती उत्तरसूची आल्यावर, आणि सगळ्यात महागडी चूकही तिथेच होते. एक विद्यार्थिनी डोळे सुजवून माझ्याकडे आली. तिच्या हिशोबाने जेईई मेनचे अर्ध्याहून जास्त प्रश्न चुकले होते. मी शीट मागितली. तिने आपला प्रश्न क्रमांक एक आणि सूचीतली पहिली ओळ, दोन आणि दुसरी ओळ, असं जुळवलं होतं. शीटवर प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा लांबलचक प्रश्न आयडी असतो, चारही पर्यायांना वेगळे आयडी असतात, आणि शेवटी 'चोझन ऑप्शन' समोर नुसता 1 ते 4 मधला आकडा असतो. सूचीत मात्र प्रश्न आयडीपुढे बरोबर पर्यायाचा आयडी दिलेला असतो. म्हणजे चोझन ऑप्शन 3 असेल तर आधी शीटवर तिसऱ्या पर्यायाचा आयडी बघायचा, मग तोच आयडी सूचीत आहे का ते बघायचं. आम्ही दोघींनी पट्टी धरून एकेक आकडा वाचला. दुसरं पान संपेपर्यंत तिचे डोळे कोरडे झाले होते.

त्याच शीटवर स्टेटसही नीट वाचा. उत्तर देऊन रिव्ह्यूसाठी ठेवलेला प्रश्न तपासला जातो. नुसता रिव्ह्यूसाठी ठेवलेला, उत्तर न नोंदवलेला प्रश्न कोरा धरला जातो. "मी तर सोडवला होता" असं वाटणारे बरेच प्रश्न इथे सापडतात. नीटला पुस्तिकेवरच्या खुणा मोजू नका, ओएमआरच्या (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेच्या) स्कॅन प्रतीवरचे गोळे मोजा, आणि सूची आपल्याच पुस्तिकेच्या कोडची उघडली आहे ना ते आधी पाहा.

गुण मोजताना नियमांची सरमिसळ होते तीही सांभाळा. जेईई आणि नीटला बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. जेईईच्या संख्यात्मक उत्तरांनाही वजा एक आहे, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. सीईटीला निगेटिव्ह नाहीच, पण गणिताच्या प्रश्नाला दोन गुण आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला एक.

सूचीतलं उत्तर चुकलंय असं वाटलं तर हरकत जरूर घ्या, पण रागाने नको. जेईई-नीटला प्रत्येक प्रश्नामागे 200 रुपये भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. पुस्तकातलं पान किंवा पायरीपायरीने सोडवलेलं गणित हाताशी असेल तेव्हाच भरा. आणि गणित पुन्हापुन्हा सोडवूनही उत्तर एकाही पर्यायात बसत नसेल, तर दोष स्वतःकडेच घेऊ नका. 27 एप्रिल 2025 च्या सीईटीत एका शिफ्टला गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकलेले निघाले आणि 5 मे रोजी त्या मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. तशी शंका आली तर प्रश्न आठवेल तसा लगेच लिहून ठेवा, तारीख-शिफ्ट टाका आणि लेखी तक्रार करा.

शीटची पीडीएफ मात्र दिसल्या दिवशीच उतरवून ठेवा. हरकतींची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते आणि शेवटच्या संध्याकाळी साइट हमखास अडकते.