शेफला चाकू भेट देताय? या चुका टाळा

दरवर्षी मे-जूनमध्ये मला तीन-चार फोन ठरलेले असतात. "अरे, पुतण्याचं हॉटेल मॅनेजमेंट संपलं, त्याला भारीतला चाकू द्यायचाय. कुठला घेऊ?" मी विचारतो, तो डावखुरा आहे का? पलीकडे शांतता. धार स्वतः लावतो का? पुन्हा शांतता. मग हळूच खरी गोष्ट बाहेर येते: "ऑनलाइन एक बघून ठेवलाय, पात्यावर लाटा-लाटांचं डिझाइन आहे, लाकडी पेटीत येतो. घेऊन टाकू ना?"

म्हणजे निवड आधीच झालेली असते, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. अठरा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढल्यावर आता मी तो देत नाही.

पेटी बघितली, हात बघितला नाही

दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय खरा, पण ही चूक आम्हीच सगळ्यात झोकात केली होती. 2014 साली आमचे हेड शेफ निवृत्त झाले. आम्ही अकरा जणांनी वर्गणी काढली आणि सिंगापूरला गेलेल्या एकाकडून 270 मिलिमीटरचा यानागिबा मागवला. यानागिबा म्हणजे कच्च्या माशाचे काप काढायचा लांब, अरुंद जपानी चाकू. त्याची धार एकेरी असते: पात्याची उजवी बाजू धारेकडे उतरत जाते आणि डावी जवळजवळ सपाट, मधे किंचित खोलगट असते. शेफनी पेटी उघडली, पातं उजेडात धरलं, "वा!" म्हणाले. मग मूठ डाव्या हातात घेतली आणि हसायला लागले.

शेफ डावखुरे होते. सही उजव्या हातानं करायचे, जेवायचेही उजव्या हातानं, पण चाकू डाव्या. सहा वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून आम्ही कांदे चिरले, आणि अकरापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. उजव्यासाठी घडवलेला एकेरी धारेचा चाकू डाव्या हातात सरळ चालत नाही, काप एका बाजूला ओढतो. मूठसुद्धा डी आकाराची होती, उजव्या मुठीत बसेल अशी. डाव्या हाताचे यानागिबा मिळतात, पण ते वेगळे घडवावे लागतात, त्यामुळे महाग पडतात. बदलून आणायचा तर सिंगापूर गाठायला हवं. तो चाकू आजही त्यांच्या घरी पेटीतच आहे. दिवाळीला भेटायला गेलो की तेलाचा हात फिरवायला माझ्याकडे देतात, काही बोलत नाहीत.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. चाकू घेण्याआधी त्या माणसाला एकदा काहीतरी चिरताना बघायचं. कुठला हात, ते बघायचं. पकड मुठीवर आहे की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पातं धरलंय, तेही बघायचं. चिमटीत धरणाऱ्याला पात्याच्या पाठीच्या कडा गोल केलेल्या लागतात, नाहीतर आठवड्यात तर्जनीला घट्टा पडतो. आणि रोज हातात असतो त्या चाकूची लांबी चोरून मोजायची. अगदीच जमणार नसेल तर दुहेरी धारेचा, म्हणजे पातं दोन्ही बाजूंनी धारेकडे उतरतं असा, 210 मिलिमीटरचा ग्युतो (जपानी शेफ्स नाइफ) किंवा 20 सेंटिमीटरचा साधा शेफ्स नाइफ घ्या. हे दोन्ही चाकू सहसा कुठल्याही हातात चालतात. यानागिबा किंवा देबा (मासे साफ करायचा जाड, एकेरी धारेचा चाकू) कोणालाही न विचारता घेऊ नका.

लाटांचं डिझाइन

याला दमास्कस म्हणतात, आणि लोक त्यालाच भुलतात. चांगल्या चाकूत त्या लाटा बाहेरच्या मऊ थरांच्या असतात. धार येते ती मधल्या गाभ्याला. गाभा कुठल्या पोलादाचा हे विक्रेता सांगत नसेल तर लाटा किती का सुंदर असेनात, पुढे चला. स्वस्तातल्या कित्येक चाकूंवर तर ते नुसतं छापलेलं असतं, घासणीनं दोन महिन्यांत फिकं होतं. पात्यावर जपानी अक्षरं आहेत म्हणून चाकू जपानी ठरत नाही. सेकी, साकाई, एचिझेन, सान्जो ही खरी चाकू घडवणारी गावं. यातलं नाव आणि पोलादाचं नाव दोन्ही लिहिलेलं असेल तर विचार करा.

पंधरा चाकूंचा संच

नको. त्यातले तीन वापरले जातात आणि बाकीचे ठोकळ्यात धूळ खातात.

जेवढा कडक तेवढा चांगला?

कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं कडकपणाचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात. जर्मन धाटणीचे चाकू रॉकवेल मापात साधारण 56 ते 58, जपानी व्हीजी-10 या स्टेनलेस पोलादाचे 60 च्या आसपास. आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं, आणि आडवा ताण आला की त्याचा टवका उडतो. मऊ पोलादाची धार फक्त वाकते, ती स्टीलच्या दांडीवर दोन हात मारले की सरळ होते. गोव्यात किंवा मालवणात नारळ, कुर्ल्या, सुरमईचं डोकं रोजचं. तिथल्या किचनमध्ये पातळ जपानी पातं पाठवायचं आणि वर "हा तर फुटला" म्हणायचं, यात चाकूचा काय दोष? फोडायला कोयता आहे.

मी स्वतः नव्या मुलांना व्हिक्टोरिनॉक्सचा फायब्रॉक्स मुठीचा साधा चाकू सुचवतो. पोलाद मऊसर, मूठ ओल्या हातातही न सटकणारी, आणि कोणी उचलून नेला तरी रडायला येत नाही. हॉटेलच्या किचनमध्ये चाकू उचलून नेले जातात, हे नातेवाइकांना माहीत नसतं. भेट म्हणून तो फार साधा दिसतो अशी तक्रार येते. दिसू दे.

पावसाळा विसरला

शिरोगामी, आओगामी ही जपानी कार्बन स्टीलं. नावं पडली ती कारखान्यात ज्या पांढऱ्या आणि निळ्या कागदात गुंडाळली जात त्यावरून. धार अशी येते की टोमॅटोला कळतसुद्धा नाही. पण त्यांना गंज लागतो. कैरी, लिंबू, चिंच, कोकम यांच्यानंतर लगेच पुसला नाही तर पातं डागाळतं, आणि जुलैत कोकणात रात्रभर ओला राहिला तर सकाळी तांबूस ठिपके तयार. चिरून झाल्यावर कापडाकडे ज्याचा हात आपसूक जातो त्यालाच हा द्या. बाकीच्यांना स्टेनलेस.

चाकू दिला, दगड नाही दिला

यावर मला कितीही बोलायला लावा. माझ्या भाच्याला मीच व्हीजी-10 चा ग्युतो दिला होता, डोळ्यांत तेल घालून निवडलेला. सोबत धारेचा दगड द्यायचं राहिलं. "पुढच्या महिन्यात देऊ" म्हटलं आणि विसरलो. आठ महिन्यांनी चाकू बोथट झाला. ताईला वाटलं, पोरगं कामावर राबतंय, आपण मदत करावी. दारावरून सायकलवाला धारवाला जात होता. तीस रुपये.

संध्याकाळी तिनं मला कौतुकानं दाखवला: "बघ, कसा चमकतोय!" चमकत होता खरा. टोकाजवळ धारेलगत बोटभर लांबीचा निळसर पट्टा होता. कोरडं चाक, भन्नाट वेग, ठिणग्यांचा पाऊस, आणि पातळ पातं इतकं तापलेलं की तिथलं पाणी उतरलं होतं. लोहार पोलादाला पाणी देतो तेव्हा त्यात कडकपणा येतो. नंतर पातं पुन्हा जास्त तापलं की तो जातो, आणि कितीही घासलं तरी तिथली धार टिकत नाही. शिवाय चाकानं टाचेपाशी, म्हणजे मुठीजवळ, जास्त खाल्लं होतं, त्यामुळे पाटावर ठेवला की मधे फट दिसायची. कोथिंबीर चिरली की झालर तयार व्हायची, काड्या एकमेकींना धरून.

तीन संध्याकाळी मी 400 च्या खरखरीत दगडावर (आकडा जेवढा मोठा तेवढा दगड बारीक) ते पातं खाली आणत बसलो. निळा भाग जाईपर्यंत जवळजवळ तीन मिलिमीटर रुंदी गेली. धारवाल्याला मी दोष देत नाही. त्याचं चाक विळी-कोयत्यासाठी ठीक आहे, ताईची विळी अजूनही त्याच्याकडेच जाते. दोष माझा, दगड न दिल्याचा.

म्हणून आता माझा हिशेब ठरलेला आहे. पाच हजार खर्चायचे असतील तर साडेतीन हजारांचा चाकू आणि दीड हजाराचा दगड. एका बाजूला 1000 आणि दुसऱ्या बाजूला 6000 असा जोड दगड पुरतो. पाण्यात भिजवायचा की नुसतं पाणी शिंपडायचं हे दगडावर अवलंबून असतं, पेटीवर लिहिलेलं वाचा. एका बाजूनं घासत राहायचं, उलट्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदलायची. पहिल्यांदा तासभर लागेल. ज्यांना तासभर बसवत नाही ते खटकन ओढायचं दोन खाचांचं यंत्र विकत घेतात, आणि ते यंत्र पात्याचे लचके तोडतं. कडक जपानी पात्याला तर ते लावूच नका, खाचा असलेली स्टीलची दांडीही नको. दांडी हवीच असेल तर सिरॅमिकची.

उरलेलं भराभर

ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेच्या पाटावर चिरणाऱ्याला कितीही महाग चाकू द्या, चार दिवसांत धार गेली. लाकडी पाट सोबत द्या. चिरलेलं ढकलताना धारेनं ओढू नये, चाकू उलटा करून पाठीनं ओढावं. हे सांगावं लागतं याचं मला अजूनही नवल वाटतं.

नाव कोरून घेऊ नका, बदलून मिळत नाही. बिल जपून ठेवा.

जड म्हणजे दणकट, हा समज वजनकाट्यावरच सोडा. दोनशे माणसांचा कांदा चिरताना मनगट काय ते सांगतं.

विमानानं नेणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत, टोकाला पुठ्ठा लावून. हँडबॅगेत राहिला तर सुरक्षा तपासणीत तिथंच ठेवून जावं लागेल.

आणि हो, चाकू फुकट दिला की नातं तुटतं म्हणतात, म्हणून बदल्यात एक रुपया घ्यायचा. माझा विश्वास नाही, पण मी घेतो. भाच्याकडूनही घेतला होता. निळ्या पट्ट्यानंतर ताई आणि मी चार दिवस बोललो नाही, पण तिच्याकडून रुपया घ्यायचं कुणाला सुचलं होतं?