माती ओली, तरी पाला मान टाकतोय? युरियाला हात लावू नका

मुंबईच्या किनाऱ्यावर गोराई-मनोरीकडच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी रोज दिलं तरी दुपारी पालेभाजी मान टाकते, पानांच्या कडा करपतात. मग पिकात जोर नाही असं समजून मूठभर युरिया फेकला जातो. कळकळीनं सांगतो, तेवढं करू नका.

घरात सध्या लोणच्याची कैरी चिरली जात असेल. फोडींना मीठ चोळलं की थोड्या वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी सुटतं. बाहेरचा खारटपणा पेशीच्या पडद्यातून आतलं पाणी ओढून घेतो. एरवी मुळांच्या पेशींतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत शिरतं. मातीत क्षार वाढले की ही ओढ मंदावते आणि फारच वाढले तर उलटी फिरते. भिजल्या मातीत झाड तहानलेलं राहतं. विरघळलेला युरिया त्यात भरच घालतो.

तेव्हा खत थांबवा. माती पुरती सुकू देऊ नका, कारण पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वाफ्यावर पेंढा अंथरा. पाणी संध्याकाळी बुंध्याशी द्या, मचूळ पाणी पानांवर शिंपडू नका. गोडं पाणी थोडंच असेल तर ते उगवत्या रोपांसाठी राखा, त्यांना खार सर्वांत जास्त बाधतो. मुळा आणि फरसबी खार सोसत नाहीत. पालक बीटच्या कुळातला, तो बराच सोसतो. मचूळ विहिरीवर उन्हाळ्यात पालकच घ्यावा, असं माझं मत.

गच्चीवरच्या कुंड्यांत खार बहुधा खतातूनच येतो. मातीवर पांढरी पापुद्री दिसली, तर कुंडीच्या दुप्पट मापाचं नळाचं पाणी सावकाश ओता आणि तळातून वाहून जाऊ द्या. विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम पुरे. मात्र खालची ताटली लगेच रिकामी करा. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, त्यांच्या पेशींतल्या पाण्याच्या वाटा मिटतात, आणि झाड तसंच कोमेजतं. म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो. जोराच्या सरी साचलेले क्षार धुऊन नेतात, पण पाण्याला वाट असेल तरच. त्याआधी उताराकडचे चर साफ करून ठेवा.