उथळ पाण्याचा रंग: ॲक्रिलिकमध्ये बेटावरचा किनारा

अंदमानातल्या स्वराज द्वीपावर (२०१८ पर्यंत हॅवलॉक) राधानगरचा किनारा आहे. पांढरी वाळू, मागे सी महुआची उंच झाडं, समोर हिरवट निळं पाणी. या चित्राचा सगळा जीव पाण्यात आहे. काठाशी खालची वाळू वर उजळून दिसते म्हणून रंग फिकट हिरवट, आणि खोली वाढेल तसा निळा गडद. इंदुरात आपल्याला फोटोवरूनच काम करायचं असतं आणि फोटोतला निळा बरेचदा भडक केलेला असतो. तेव्हा आधी खोली ओळखा, मग रंग कालवा.

१२ बाय १६ इंची कॅनव्हास, दोन चपटे ब्रश आणि एक बारीक गोल ब्रश घ्या. रंग सहा पुरतात: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना. माळव्याच्या एप्रिल-मेमध्ये ॲक्रिलिक बघता बघता वाळतं. ताटलीत ओला रुमाल पसरा, त्यावर बटर पेपर ठेवून रंग काढा. कूलरचा झोत कॅनव्हासवर येऊ देऊ नका.

क्षितिज वरून एक तृतीयांशावर, मास्किंग टेप लावून अगदी सरळ. टेपच्या वर आकाश: माथ्याशी अल्ट्रामरीन, खाली येता येता पांढरा वाढवत न्या. वाळल्यावर टेप काढा.

आता पाणी. क्षितिजालगत अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू, मध्ये थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन आणि पांढरा, काठाशी जवळजवळ पांढराच, त्यात हिरव्याचा नुसता स्पर्श. थॅलो फार जोरकस असतो, टाचणीच्या डोक्याएवढाच घ्या. पट्टे ओले असतानाच ब्रश आडवा फिरवून सांधे मिटवा. इथे घाई करू नका. वाळला तर पातळ दुसरा हात द्या.

वाळू म्हणजे पांढरा आणि थोडा ऑकर. लाट ओसरलेली ओली पट्टी बर्न्ट सिएनाने गडद करा आणि तिच्यात आकाशाचा निळा किंचित ओढा. झाडांसाठी अल्ट्रामरीन, ऑकर आणि सिएना कालवा. ट्यूबमधला हिरवा नुसता लावला तर तो परका दिसतो.

फेस सगळ्यात शेवटी. आधी त्याच्या काठाखाली निळसर करड्या सावलीची बारीक रेघ, मग वर जाड पांढरा, तुटक. सावली नसेल तर फेस वाळूवर चिकटून बसतो. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून तासाभराने लांबून बघा आणि उजेडाचे चारदोन ठिपके तेव्हाच द्या. ब्रश मात्र लगेच धुवा.