ड्रायव्हरमध्ये ‘असू दे’ म्हणून कॅश फ्लश? या चुका टाळा

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीत गाड्यांच्या कॅमेऱ्यांच्या लिनक्स ड्रायव्हरवर काम करणाऱ्यांना हे लक्षण ओळखीचं असेल: रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र अडखळतं आणि ‘पर्फ टॉप’मध्ये (कोणतं फंक्शन सीपीयूचा किती वेळ खातंय ते दाखवणारं टूल) ‘डीकॅश_इनव्हॅल_पीओसी’ हे फंक्शन सगळ्यात वर बसलेलं असतं. याचा अर्थ, सीपीयूचा कोअर चित्र हलवण्यापेक्षा कॅश (सीपीयूजवळची छोटी, वेगवान मेमरी) झाडण्यात जास्त गुंतलाय. झाडायचं कारण डीएमए: डिव्हाइस सीपीयूला वगळून थेट मुख्य मेमरीत वाचतं-लिहितं, म्हणून कॅश आणि मेमरी जुळवावी लागते; त्यालाच इथे सिंक किंवा फ्लश म्हटलंय.

हिशेब करून बघा. 1920×1080 ची एनव्ही12 (दर पिक्सेलला दीड बाइटचा फॉरमॅट) फ्रेम म्हणजे 31,10,400 बाइट. कॅश लाइन (कॅशचा एक तुकडा) 64 बाइटची धरली तर 48,600 लाइन्स. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे 14,58,000 लाइन्स, आणि हे फक्त एकदा झाडलं तर. मॅप (बफर डिव्हाइसच्या हवाली करणं), अनमॅप (परत घेणं) आणि मध्ये कुणीतरी घातलेला एक जादा सिंक धरला की तिप्पट.

फ्रेम आयएसपीकडून (कॅमेऱ्याच्या चित्रावर प्रक्रिया करणारं हार्डवेअर) थेट एन्कोडरकडे जात असेल आणि सीपीयू तिला हातच लावत नसेल, तर दर फ्रेमला सिंक कशाला? ‘डीएमए_अ‍ॅट्रिब्यूट_स्किप_सीपीयू_सिंक’ हा फ्लॅग त्यासाठीच आहे. पण पहिल्या वेळी क्लीन (कॅशमधला बदललेला डेटा मेमरीत लिहिणं) करायलाच हवं. बफर शून्याने भरताना कॅशमध्ये डर्टी (मेमरीत अजून न लिहिलेल्या) लाइन्स उरतात. त्या नंतर कधीतरी बाहेर पडल्या की डिव्हाइसने लिहिलेल्या डेटावर बसतात. चित्रात मधूनच बारीक आडवे ठिपके दिसले तर आधी इथे शोधा.

मॅप करताना डेटाची दिशा चुकवू नका. एआरएम64 प्रोसेसरवर ‘टू डिव्हाइस’ दिलं की मॅप करताना क्लीन होतं, अनमॅपला काहीच नाही. तिथे आळसाने ‘बायडायरेक्शनल’ लिहिलं की अनमॅपला इनव्हॅलिडेटही (कॅशमधली प्रत टाकून देणं) होतं, आणि सीपीयूला लगेच लागणारा डेटा कॅशमधून उडतो.

लांबीचंही तसंच. 2048 बाइटच्या बफरमध्ये 64 बाइटचं पॅकेट आलं तर एकच लाइन सिंक करायची, 32 नाही. शिवाय ‘फ्रॉम डिव्हाइस’ बफर सीपीयूने नुसता वाचला असेल, तर परत देताना ‘सिंक फॉर डिव्हाइस’ लागत नाही.

डिव्हाइसला जुना डिस्क्रिप्टर (बफरचा पत्ता आणि लांबी सांगणारी नोंद) दिसतो म्हणून फ्लश टाकणं ही सगळ्यात चिवट सवय. रिंग (डिस्क्रिप्टरची रांग) ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ने, म्हणजे सीपीयू आणि डिव्हाइसला सारखाच डेटा दिसणाऱ्या कोहेरंट मेमरीत, घेतली असेल तर फ्लशने काहीच सुधारत नाही, चुकतो तो क्रम. आधी पत्ता आणि लांबी लिहा, मग ‘डीएमए_डब्ल्यूएमबी’ (लिहिण्याचा क्रम राखणारा बॅरिअर), आणि शेवटी ओनरशिप बिट (डिस्क्रिप्टर आता डिव्हाइसचा, हे सांगणारा). (मोठ्या फ्रेमसाठी मात्र कोहेरंट मेमरी नको. नॉन-कोहेरंट हार्डवेअरवर ती कॅशशिवाय मॅप होते आणि सीपीयूचं वाचन रांगायला लागतं.)

एक्स86 वर कुणी ‘डब्ल्यूबीइनव्हीडी’ (अख्खी कॅश रिकामी करणारी सूचना) लिहिलं असेल तर कोड रिव्ह्यूमध्येच अडवा. एका दुकानाचा माल उतरवायला अख्खा लक्ष्मी रस्ता बंद केल्यासारखं आहे ते. तिथे पीसीआयई डीएमए सहसा कॅश स्वतःच स्नूप करतो (म्हणजे कॅशमध्ये काय आहे ते हार्डवेअरच तपासतं).

एसओसीमधलं (एकाच चिपवरची सगळी सिस्टिम) डिव्हाइस खरोखर कोहेरंट असूनही डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) ‘डीएमए-कोहेरंट’ राहून गेलं, की कर्नल फुकट मेहनत करतो. उलट चूक महाग पडते: कोहेरंट नसताना ती ओळ घातली की डेटा खराब होतो. हार्डवेअर टीमला विचारल्याशिवाय घालू नका.

बदल केल्यावर ‘कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग’ हा कर्नलचा पर्याय चालू करून एकदा पूर्ण टेस्ट चालवा. मॅप आणि अनमॅपची दिशा किंवा लांबी जुळत नसेल तर लॉगमध्ये लगेच दिसतं. वेग मोजायच्या बिल्डमध्ये तो बंद ठेवा, नाहीतर तुम्ही डीबगचाच खर्च मोजत बसाल.