चिल्काला जाताना काठ आधी ठरवा

ओडिशात पुरीला जाणारे बहुतेक पर्यटक चिल्का सरोवर अर्ध्या दिवसात उरकतात आणि ‘डॉल्फिन काही दिसले नाहीत’ म्हणत परततात. हा दोष सरोवराचा नाही, आखणीचा आहे. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला खारकच्छ म्हणून ओळखतो, त्याचे हे भारतातील सर्वांत मोठे उदाहरण होय. पावसाळ्यात ते अकराशे चौरस किलोमीटरांहूनही अधिक पसरते. त्यामुळे काय पाहायचे हे ठरवून त्याप्रमाणे काठ निवडावा आणि निदान दोन रात्री हाताशी ठेवाव्यात.

डॉल्फिनसाठी पुरीपासून सुमारे 50 किलोमीटरवरील सातपाडा गाठावे. येथील इरावती डॉल्फिनचे डोके गोल असते, त्याला लांब चोच नसते, आणि तो चित्रातल्यासारख्या उंच उड्या मारत नाही. पाठीचा करडा भाग क्षणभर वर येतो आणि नाहीसा होतो. म्हणून वारा पडलेला असताना, सकाळी लवकर निघावे. डॉल्फिन दिसताच नावाड्याला इंजिन बंद करून लांबच थांबायला सांगावे. पाठलाग करणाऱ्या नावेच्या पंख्याने या प्राण्यांना जखमा होतात, त्यामुळे जवळ नेण्याचा आग्रह कृपया धरू नये.

पक्ष्यांसाठी उत्तरेकडील मंगलाजोडीला तोड नाही. एकेकाळी येथे पक्ष्यांची सर्रास शिकार होत असे. आज त्याच शिकाऱ्यांपैकी अनेक जण वाटाडे झाले आहेत, आणि बांबूने रेटत नेलेल्या बिनइंजिनाच्या नावेतून ते गवताळ पाण्यात इतक्या अलगद शिरतात की मालगुजा आणि चक्रवाक काही हातांवर असूनही उडत नाहीत. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुक्काम गावातच करावा, म्हणजे पहाटेची फेरी साधते आणि पैसाही गावात राहतो. दुर्बीण न्यावी, भडक कपडे टाळावेत. नलबण बेटावरील अभयारण्यात मात्र उतरू देत नाहीत, पक्षी दुरूनच पाहावे लागतात.

निवांतपणा हवा असेल तर पश्चिमेकडचे बरकुल किंवा रंभा निवडावे. बरकुलहून नावेने कालीजाई देवीच्या बेटावर जाता येते. मकरसंक्रांतीला तेथे मोठी यात्रा भरते, त्यामुळे गर्दी नको असल्यास तो आठवडा वगळावा. जेवणात सरोवरातील कोळंबी आणि खेकडा जरूर मागवावा, पण भाव आधी विचारून घ्यावा.

मुंबई, पुणे किंवा सोलापूरहून निघणाऱ्यांना भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस सोयीची पडते. ब्रह्मपूर सोडल्यावर उजव्या हाताची खिडकी धरून बसावे. रंभा ते बालुगाव या टप्प्यात रूळ पाण्याच्या अगदी कडेने जातात.

नावेत बसण्यापूर्वी प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे ना, हे मोजून घ्यावे. दुपारनंतर वारा वाढला की उथळ पाणीही चांगलेच खवळते, आणि अशा वेळी नावाड्याने परत फिरूया म्हटले तर त्याचे ऐकावे.