पेरणीआधी मोरीच्या पाण्याची सोय लावा: काळ्या रानातल्या गावांसाठी सल्ला

रब्बीचं रान मोकळं झालंय, पेरणीला अवकाश आहे. मोरीचं सांडपाणी मार्गी लावायला हेच दिवस बरे. मृग बरसला की काळ्या मातीत खड्डा घेणं जमत नाही.

नळयोजनेचं माणशी 55 लिटर पाणी धरलं, तर पाच माणसांच्या घरात रोज 275 लिटर येतं. त्यातलं 180 लिटरच्या आसपास मोरीतून बाहेर पडतं. एवढ्या पाण्यावर वैशाखातही पाव गुंठा चाऱ्याचं गवत हिरवं राहतं.

नांदेड जिल्ह्यातली शोषखड्ड्यांची, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यांची, मोहीम गाजली, तेव्हापासून जो तो खड्डाच घ्यायला निघतो. मुरमाड जमिनीत ते ठीक. काळ्या रानात आधी परीक्षा घ्या, आणि ती घाईने घेऊ नका. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत बादलीभर पाणी घटकेत गडप होतं नि माणूस फसतो. फूटभर खोल खड्डा संध्याकाळी भरा, भरतच राहा, रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरून घड्याळ लावा. तासात इंचभरही पाणी उतरलं नाही, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर मात्र तिथवर खणून बघायला हरकत नाही. विहीर किंवा बोअर 50 फुटांच्या आत नको.

पाणी जिरत नसेल तर पिकाला पाजा. मोरीच्या तोंडाशी जाळी, पुढे झाकणाची छोटी गाळटाकी, तिथून पाइप. गाळटाकी आठ-पंधरा दिवसांनी उपसावीच लागते. सगळी व्यवस्था बिघडते ती इथल्याच आळसाने. पुढे पाव गुंठ्यात फुले जयवंत या चाऱ्याच्या संकरित नेपियर गवताची ठोंबं तीन बाय दोन फुटांवर लावा, पन्नासच्या आत बसतात. दोन पट्टे करून आलटून पालटून पाणी सोडा, म्हणजे डबकं साचत नाही नि डास होत नाहीत. पहिली कापणी नऊ-दहा आठवड्यांनी येते. कापणीआधी आठवडाभर त्या पट्ट्याचं पाणी तोडा. गवत नको असेल तर केळी लावा. पावसाळ्यासाठी सांडवा आत्ताच काढून ठेवा आणि बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून भोवती बांध घाला.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर यांना हे पाणी अजिबात देऊ नका. गावाच्या नाल्यावर मोटर टाकून भाजी पिकवणारे बरेच आहेत, आणि ती भाजी आपल्याच आठवडी बाजारात येते. नाल्यात संडासाचं पाणी मिसळलेलं असतं. त्यातली जंतांची अंडी धुतल्यानेही पुरती जात नाहीत.

साबण-सोड्यातल्या सोडियममुळे काळी जमीन हळूहळू चोपण, म्हणजे घट्ट नि पाणी न मुरणारी, होते. वाफ्यावर पांढरी पापुद्री धरली किंवा पाणी वरच थांबू लागलं, तर माती तपासून घ्या. जिप्सम अहवाल पाहूनच टाका. ॲसिडचं पाणी या पाइपात सोडू नका.

संडासाचं पाणी मोरीच्या पाण्यात मिसळू देऊ नका. दोन खड्ड्यांचा संडास असेल आणि पहिला खड्डा बंद करून निदान वर्ष झालं असेल, तर त्याचं सोनखत याच उन्हात काढा. ओल नसावी, वास नसावा, हातमोजे घालावेत. जमिनीतलं पाणी वरच लागतं अशा गावात दोन वर्षं थांबा. खत आंबा-लिंबाच्या आळ्यात मातीआड करा. भाजीला नको.