चोरवाटा बुजवा, मग भोकं पाडा: घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन थंड ठेवताना

सांगलीला बाबांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. एप्रिल-मे आला की एखादं गिऱ्हाईक चेतक ढकलत आणायचं आणि वर अभिमानाने सांगायचं, "लई तापती म्हणून इंजिनावरचं पत्र्याचं झाकण काढून टाकलंय, जरा वारं लागू दे." बाबा आधी ते झाकण परत बसवायचे. चेतकच्या पंख्याची हवा त्या झाकणाच्या आतूनच सिलिंडरवर जाते. झाकण काढलं की ती जाते रस्त्यावर.

हे लहानपणापासून बघूनसुद्धा तीस वर्षांनी टेक्सासमधल्या माझ्या गॅरेजात मी त्याच गिऱ्हाइकासारखी वागणार होते. माझं घरी बांधलेलं विमान आरव्ही-७, त्यात हवेने थंड होणारं लायकॉमिंग ओ-३६० इंजिन, १८० अश्वशक्ती. चाचणीची उड्डाणं नुकतीच सुरू झाली होती. चढताना तीन नंबरच्या सिलिंडर हेडचं तापमान ४३८ फॅरेनहाइटवर गेलं. खाली उतरले आणि काउलिंगला, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाला, खालून हवा बाहेर पडायच्या जाळ्या कापायला थेट मार्कर घेऊन बसले. नशीब, कटर चार्ज नव्हता.

आधी आकडे बघू, तापमानं सगळी फॅरेनहाइटमध्ये. या इंजिनाची कमाल मर्यादा ५०० आहे, पण ती मर्यादा आहे, राहायची जागा नव्हे. सिलिंडर टिकावेत असं वाटत असेल तर क्रूझमध्ये, म्हणजे सरळ समपातळीत उडताना, ४००च्या आत राहा. चढताना काटा ४२०ला टेकला की मी नाक खाली घेते, उंची मग मिळवता येते. इंजिन नवं असेल तर पिस्टनच्या रिंगा नीट बसेपर्यंत ते थोडं गरमच चालतं आणि मग काही तासांनी तापमान आपणहून उतरतं. तेवढा धीर धरा, पण ४३८ला धीर धरायचा नसतो.

काट्यावर विश्वास ठेवण्याआधी प्रोब, म्हणजे हेडचं तापमान मोजणाऱ्या कांड्या, आपसात बदलून बघा. तीन नंबरचा एकला लावा, एकचा तीनला. ताप प्रोबबरोबर गेला तर सिलिंडर निर्दोष आहे, वायर किंवा प्रोब बदला. माझा ताप तीनलाच राहिला.

आता मुख्य गोष्ट. समोरच्या दोन तोंडांतून हवा इंजिनाच्या वरच्या कप्प्यात शिरते. तिथून तिने सिलिंडरच्या फिन्समधून (उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांमधून) खाली उतरावं आणि मागच्या तोंडाने बाहेर पडावं, एवढंच आपल्याला हवं असतं. पण फिन्समधून जायला कष्ट पडतात. बाजूला बोटभर फट दिसली तर हवा तिथूनच पळते. तोंडं मोठी केलीत तर जास्त हवा आत येते आणि त्याच फटीतून जास्त हवा पळते. म्हणून काउलिंग कापायच्या आधी फटी बुजवायच्या.

फटी शोधायला रात्र लागते. काउलिंग बसवा, खालच्या भागात एक एलईडी दिवा टांगा, गॅरेजातले सगळे दिवे घालवा आणि समोरच्या तोंडात डोळा लावा. माझं काउलिंग आकाशकंदिलासारखं उजळलं होतं. मागच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढा प्रकाश, स्पार्क प्लगच्या वायरी जातात त्या भोकांभोवती चंद्रकोरी आणि क्रँककेसच्या कडेने लांब एक रेघ. फटी मार्करने खुणावल्या, ॲसिटोनने पुसल्या आणि उच्च तापमानाचं लाल सिलिकॉन भरलं. एक दिवस हात लावायचा नाही. मी सहा तासांनी लावला आणि परत भरावं लागलं.

बॅफलच्या, म्हणजे हवा अडवून फिन्सकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या, कडेची रबरी सील कशी वळली आहे ते तोंडात हात घालून चाचपा. ती आतल्या बाजूला, म्हणजे दाबाकडे वळलेली हवी, म्हणजे हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. बाहेर वळली तर दाब तिला उघडतो. माझ्याकडे दोन पट्ट्यांच्या जोडावर एक घडी उलटी पडली होती, पोळीची कड दुमडावी तशी. जमिनीवरून ती कधीच दिसली नसती. पाच-सहा तास उडाल्यावर काउलिंग उघडून आतून बघा. सील घासल्याची काळी रेघ सलग असली पाहिजे. जिथे तुटली तिथे गळती आहे.

सिलिंडरच्या खालचे पत्रे सगळे विसरतात, कारण त्यासाठी पाठीवर झोपावं लागतं. सिलिंडरांच्या मधले आणि खालचे बॅफल फिन्सला कवटाळून बसले पाहिजेत. सैल असले तर हवा फिन्सच्या वरवरच्या टोकांना शिवून निघून जाते.

तीन नंबरची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या सिलिंडरच्या मागच्या बाजूला फिन्स इतक्या उथळ आहेत की मागचा बॅफल घट्ट बसवला की हवेची वाटच बंद होते. इथे फट बुजवायची नसते, थोडी द्यायची असते. बॅफल आणि हेड यांच्यामध्ये एक वॉशर घाला. बांधणाऱ्यांमध्ये ही युक्ती जुनी आहे, आणि मी ती वाचूनही "माझ्या इंजिनाला लागणार नाही" म्हणून सोडली होती.

मग मोजा. जुना, पण चालू असलेला वेगदर्शक मिळवा. त्याच्या पिटो तोंडाची (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबाची) नळी वरच्या कप्प्यात आणि स्टॅटिकची (भोवतालच्या स्थिर हवेच्या दाबाची) खालच्या कप्प्यात सोडा. नळीचं टोक बंद करून अंगाला बासरीसारखी बारीक भोकं पाडा, म्हणजे वाऱ्याचा थेट झोत लागत नाही. ८८ नॉट दिसले म्हणजे दोन कप्प्यांतल्या दाबाचा फरक सुमारे ५ इंच पाण्याचा. ११० नॉटने चढताना माझा काटा ७० दाखवायचा, म्हणजे जेमतेम ३.२ इंच. फटी बुजवल्यावर तो ९२ वर गेला, साडेपाच इंच. फरक सुधारला नाही तर दोन्ही कप्पे विमानाच्या स्टॅटिकशी वेगवेगळे मोजा. वरचा दाब कमी असेल तर गळती किंवा तोंड बघा, वरचा चांगला आणि खालचाही जास्त असेल तर बाहेर पडायची वाट तोकडी आहे. जाळ्या कापायच्या त्या तेव्हा.

इंधन आणि टायमिंगबद्दल थोडक्यात. समुद्रसपाटीजवळ पूर्ण थ्रॉटलला या इंजिनाने ताशी १५ गॅलनच्या आसपास प्यायला हवं. १२च पीत असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, आणि कितीही सिलिकॉन भरलंत तरी हेड तापणारच. ठिणगीचं टायमिंग इंजिनाच्या प्लेटवर कोरलेल्या अंशाशी ताडून बघा. हेड गरम आणि एक्झॉस्ट नेहमीपेक्षा थंड, ही जोडी दिसली तर ठिणगी लवकर पडत असल्याचा संशय धरा.

तेलाचा ताप वेगळा. त्याची मर्यादा २४५ आहे, पण १८०च्या आसपास चढायलाही हवं, नाहीतर आतली ओल उडत नाही. माझं तेल २३० दाखवायला लागलं तेव्हा व्हर्नाथर्म, म्हणजे तापलेलं तेल कूलरकडे वळवणारा व्हॉल्व्ह, काढून घरी आणला. आई तेव्हा इकडे आली होती. तिच्या दुधाच्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं, थर्मामीटर सोडला, व्हर्नाथर्म दोऱ्याने टांगला. १८५ला त्याची दांडी लांबायला हवी. लांबली, दोघींनी वाकून बघितलं. म्हणजे दोष कूलरच्या कडेच्या सीलमध्ये होता. पातेलं मात्र आईने परत दुधाला घेतलं नाही.

उडवतानाच्या सवयी: जमिनीवर नाक वाऱ्याकडे, रेंगाळणं कमी, चढताना ९० ऐवजी ११०-१२० नॉट. इंजिन बंद केल्यावर काउलिंगवरचं तेल तपासायचं छोटं दार उघडं ठेवा, वरची उष्णता तिथून निघून जाते. आणि बदल एका वेळी एकच. अमेरिकेत इंजिन आणि प्रोपेलरची प्रमाणित जोडी असेल तर चाचणीचे २५ तास मिळतात, प्रवासी न्यायचे नसतात, ते तास याच कामाला वापरा.

ऑगस्टमध्ये, हँगरबाहेर शंभर अंश असताना, तीन नंबर ३९२ला थांबला. आता दोन नंबर सगळ्यांत गरम आहे, ४०७. त्याच्या समोर हवा अडवणारी पत्र्याची पट्टी आहे, ती कापून कमी करायची असते. मी एका वेळी पाव इंच कापते, उडते, आकडे लिहिते. दोनदा कापून झालं आहे. शनिवारी आणखी पाव इंच.